सहाव्या वर्षाची दाढ

बैल घ्यायचा ठरला की आपला शेतकरी आधी त्याच्या तोंडात बघतो. रंग, वशिंड, खूर, चाल हे सगळे नंतर. घनसावंगी तालुक्यात कुठेही जा, जांब समर्थला जा नाहीतर तीर्थपुरीला, बैलाचा खालचा ओठ जरा ओढून ‘हा चारदाती’ किंवा ‘हा आता जुळला’ असे सांगणारा जाणकार गावोगाव सापडतो. आदत म्हणजे अजून दुधाच्या दातांवर असलेला गोऱ्हा. समोरचे दोन दुधाचे दात पडून दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि आठही पक्के आले की जुळला. पुढे दात झिजू लागतात, तेव्हा झिजेवरून उतार वय ओळखायचे. ही विद्या शाळेत शिकवत नाहीत. बापाच्या मागे बाजार फिरता फिरता पोराला येते.

आता त्याच घरातले सात वर्षांचे लेकरू समोर उभे करा आणि विचारा, याच्या तोंडात दुधाचे दात किती नि पक्के किती? बहुतेक घरांत उत्तर येईल, “पुढचे दोन पडलेत, तेवढे आलेत.” मागे काय चालले आहे ते कुणी पाहिलेले नसते. आणि नेमकी मागेच जन्मभर पुरायची दाढ गुपचूप येऊन बसलेली असते. ती दुधाची समजून सोडून देतात, ती किडते आणि लेकरू दहा-बारा वर्षांचे होते न होते तोच उपटायची पाळी येते. हा लेख मुख्यतः त्या एका दाढेसाठी आहे. बाकीच्या दातांची ओळख ओघाने होईलच.

बैलाच्या बाबतीत पुढचे दात पाहिले की भागते. त्याला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, खालचे आठ तेवढे असतात, आणि वय कळायला ते पुरतात. माणसाच्या तोंडाचे तसे नाही. इथे महत्त्वाचा व्यवहार मागे होतो.

दुधाचे वीस, पक्के बत्तीस

तोंडाचे चार सारखे वाटे करा: वर उजवा, वर डावा, खाली डावा, खाली उजवा. भावाभावांत जमीन वाटताना भांडण होते, इथे निसर्गाने चौघांना अगदी सारखे दिले आहे. दुधाच्या दातांत प्रत्येक वाट्याला पाच: दोन पटाशीचे दात, एक सुळा आणि दोन दाढा. चार पंचे वीस. पक्क्या दातांत प्रत्येक वाट्याला आठ: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा. आठ चोक बत्तीस.

हिशेब इथेच नीट जुळवून घ्या, कारण सारी गफलत इथे होते. दुधाचा पटाशीचा दात पडला की त्याच जागी पक्का पटाशीचा दात येतो. सुळ्याच्या जागी सुळा येतो. पण दुधाची दाढ पडली की तिच्या जागी दाढ येत नाही, उपदाढ येते. म्हणजे वीस पडले नि वीस आले. राहिल्या बारा दाढा. या बारा कुणाच्याच जागी येत नाहीत. लेकरू वाढते तसा जबडा मागे वाढतो आणि त्या नव्या जागेत या उगवतात. त्यांतली पहिली येते साधारण सहाव्या वर्षी, दुसरी अकरा ते तेरा वर्षांच्या सुमारास आणि तिसरी, जिला आपण अक्कलदाढ म्हणतो, ती सतराच्या पुढे. कुणाला अक्कलदाढ येतच नाही. त्याचा अकलेशी काही संबंध नाही, तेव्हा कुणी कुणाला चिडवू नये.

सहाव्या वर्षी येणारी ही पहिली पक्की दाढ. ती येताना काही पडत नाही, रक्त येत नाही, लेकरू दात हातात घेऊन नाचत येत नाही. दुधाच्या दोन दाढांच्या लगेच मागे ती बसते आणि पाहणाऱ्याला त्यांचीच तिसरी बहीण वाटते. वर्षभरात तिच्यावर काळा ठिपका पडतो. आई म्हणते, दाखवून आणू का? आजी म्हणते, “दुधाचीच हाय ती, पडंल आपोआप.” आजीचे चूक कसे म्हणावे? तिच्या डोळ्यांसमोर लेकराचे दात पडतच आहेत. पण ही दाढ पडत नाही आणि काढली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

ओळखायची कशी

हात स्वच्छ धुवा, लेकराला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवा. दोन पुढच्या दातांच्या मधली फट ही बांधाची खूण समजा. तिथून एका बाजूला मोजत मागे जा. पहिला, दुसरा पटाशीचे. तिसरा सुळा. चौथी, पाचवी दुधाच्या दाढा. त्यांच्या मागे सहावी काही दिसली तर ती पक्की दाढ. सहाव्या वर्षी, सहाव्या जागी, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. मधला एखादा दात पडलेला असेल तर त्याची रिकामी जागाही मोजा, नाहीतर गणित चुकेल.

आणखी खुणा आहेत. ही दाढ शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा मोठी असते. दुधाचे दात नावाप्रमाणे दुधासारखे पांढरे, पक्के दात जरा पिवळसर. पुष्कळ आयांना वाटते, नवा दात पिवळा आला म्हणजे काही बिघडले. काही बिघडलेले नसते, पक्क्या दाताचा रंगच तो. आणि सहाव्या दाढेच्या माथ्यावर खाचा खोल असतात.

पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावीत. कान हाती लागला की पोरगा सहाचा झाला, पहिलीत घ्या. जन्माची नोंद नसेल तर १ जून ही तारीख लावून टाकीत. आपल्या वडीलधाऱ्यांत १ जूनला जन्मलेले इतके लोक का, त्याचे उत्तर हे आहे. गुरुजींनी त्याच वेळी तोंड उघडून पाहिले असते, तर वयाचा अंदाज अधिक बरा लागला असता. इंग्लंडात हे करून पाहिले गेले. तिथे १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत कामाला घेण्यास बंदी झाली, पण पोर नऊचे की सातचे हे ठरवायचे कशावर? उंचीवरून पाहत, तर उंच पोर लहान वयातच कामाला जुंपले जाई. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारावर मुलांची तोंडे तपासून १८३७ साली दाखवून दिले की उंचीपेक्षा दात खरे बोलतात.

कोणता दात काय करतो

पटाशीचा दात सुताराच्या पटाशीसारखा, चपटा नि धारेचा. भाकरीचा तुकडा तोडायचा त्याने. नवीन आला तेव्हा त्याच्या धारेवर तीन बारीक उंचवटे असतात, करवतीसारखे दिसतात. वापरून ते झिजतात. वरचे मधले दोन सगळ्यांत रुंद, खालचे मधले दोन सगळ्यांत अरुंद. सुटा दात हाती आला तर तो उजवा की डावा हेही सांगता येते. मधल्या रेषेकडचा त्याचा कोपरा काटकोनासारखा असतो आणि बाहेरचा जरा गोलाई घेतलेला. मुळाचे टोकही बहुधा मधल्या रेषेपासून दूर झुकलेले असते. दातांचे डॉक्टर याच खुणा शिकून तयार होतात.

सुळ्याला एकच टोक आणि एकच मूळ, पण साऱ्या तोंडात लांब मूळ त्याचेच. म्हातारपणी बाकीचे दात गेले तरी सुळे टिकून राहिलेले आपण पाहतो, ते त्यामुळे. उपदाढेला बहुधा दोन टोके असतात. ती सुळा आणि दाढ यांच्या मधले पात्र, थोडे फाडते, थोडे भरडते.

दाढ म्हणजे जाते. खालच्या सहाव्या वर्षाच्या दाढेवर बहुधा पाच उंचवटे असतात, तीन गालाकडे आणि दोन जिभेकडे, खाली दोन मुळे. वरच्या दाढेवर चार मोठे उंचवटे आणि तीन मुळे, दोन गालाकडे, एक टाळूकडे. पुष्कळांच्या वरच्या दाढेला टाळूच्या अंगाला एक छोटा जादा उंचवटाही असतो. वरचे उंचवटे खालच्या खाचांत बसतात आणि ज्वारीचा घास दळला जातो. फरक एवढाच की जाते गुळगुळीत झाले तर त्याला टाकी लावता येते. दाताच्या वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते शरीरातले सगळ्यांत कठीण द्रव्य आहे, हाडाहूनही कठीण. पण हाड मोडले तर सांधते. एनॅमल एकदा गेले की पुन्हा येत नाही, कारण त्यात जिवंत पेशी नसतात. त्याच्या खाली हाडासारखा थर आणि आत मऊ गर, ज्यात रक्तवाहिन्या व शिरा. कीड वरच्या कवचात असते तोवर दुखत नाही. म्हणून दुखायला लागल्यावर पाहू, हे धोरण दाताला चालत नाही.

दाढेत लिहिलेले बाळपण

या दाढेची एक गोष्ट मला फार नवलाची वाटते. ती दिसते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत ती घडू लागते जन्माच्या सुमारास आणि तिचा माथा तीन वर्षांच्या आत पुरा होतो. त्या काळात मूल फार आजारी पडले, उपासमार झाली, तर एनॅमल नीट बसत नाही. त्यावर खळगे, रेघा किंवा पांढरे-पिवळे डाग राहतात. पावसाने ओढ दिली की उसाची कांडी आखूड पडतात आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती लांबत नाहीत, तसेच हे. अशी डागी दाढ लवकर झिजते, तिला जास्त जपावे लागते.

दातातले हे लिखाण हजारो वर्षे टिकते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचेच गाव, बार्ली पिकवणारे, गुरे पाळणारे. तिथे लहान मूल दगावले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईला ते डोळ्यांआड करवत नसेल. या सांगाड्यांचा अभ्यास अमेरिकेचे जॉन ल्युकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे वाळिंबे यांनी केला, त्यावरचा ग्रंथ १९८६ साली निघाला. इतक्या लहान सांगाड्याचे वय सांगायला दातासारखा साक्षीदार नाही. जबड्यात सहाव्या वर्षाच्या दाढेचा माथा कितपत तयार झाला आहे, यावरून मूल किती महिन्यांचे होते ते उमगते. आणि कित्येक मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरही तसले खळगे सापडले. म्हणजे त्या माउलीच्या आणि बाळाच्या पोटाची आबाळ तीन हजार वर्षांनी दातावर वाचता आली.

पाण्याचेही दातावर उमटते. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक असेल आणि दात घडण्याच्या वयात मूल ते पीत असेल, तर पक्के दात डागी येतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या भागांत हे ठाऊक आहे. ते डाग मळाचे नव्हेत, घासून जात नाहीत. पाणी तपासून घेणे हा उपाय.

कीड म्हणजे काय

दातातली कीड ही अळी नव्हे. औषधाची धुरी देऊन कापसावर ‘किडे’ पाडून दाखवणारे फिरस्ते अजून कुठे कुठे दिसतात. ते किडे दातातले नसतात. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डॉ. मिलर यांनी १८९० साली सांगितलेले आजही खरे आहे: तोंडातले डोळ्यांना न दिसणारे जंतू साखरेवर नि पिठूळ अन्नावर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल एनॅमल विरघळवते. गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले ते मोजावे. जेवणासोबत गुळाचा खडा खाल्ला तर एकदाच आम्ल. पण सकाळी चहा-बिस्कीट, दहाला पाकीट, दुपारी गोळी, चारला पुन्हा चहा-टोस्ट, असे झाले की दाताला उसंतच मिळत नाही. आपल्याकडे मोसंबीच्या बागा आहेत. मोसंबी जरूर खावी, पण आंबटानेही कवच जरा मऊ पडते, म्हणून वर पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत.

नुकती आलेली दाढ कच्ची असते. तिचे कवच तोंडात आल्यावर दोनेक वर्षे पक्के होत जाते. नेमके याच वयात लेकराला खोल मागे घासता येत नाही. त्यातही जे कुटुंब ऊसतोडीला जाते त्याचे लेकरू पाच-सहा महिने कोपीवर असते. पहाटे फडात जाणारी आई कुणाकुणाचे तोंड पाहणार? पण निघण्याआधी एकदा उजेडात मोजून घेणे तिला जमण्यासारखे आहे, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा.

सात-आठ वर्षांपर्यंत रात्री झोपताना लेकराचे दात मोठ्या माणसाने घासावेत. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी दात चमकतात खरे, पण ते कवच घासून निघाल्याने. मिश्री तर तंबाखूच. ती लावणाऱ्या बाईला तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो आणि आईची मिश्री बघूनच पोर शिकते.

कागदावरचा आकडा

दाढेवर खोल खाच किंवा काळा ठिपका दिसला तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. अजून कीड नसेल तर ते खाच बुजवून टाकतात, दुखत नाही. थोडी कीड असेल तर भरून घेता येते. गरापर्यंत गेली तरी मुळाचा उपचार करून दाढ राखता येते. उपटणे हा शेवटचा मार्ग. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरला १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत, अंगणवाडीत तपासणीला येते, त्यात दातही पाहतात. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका.

डॉक्टर कागदावर ‘४६’ किंवा ‘३६’ असे लिहितात, त्याने गोंधळू नका. पहिला आकडा वाट्याचा: लेकराचा वर उजवा १, वर डावा २, खाली डावा ३, खाली उजवा ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा ते सांगतो. तेव्हा १६, २६, ३६, ४६ या चार सहाव्या वर्षाच्या दाढा. दुधाच्या दातांचे आकडे ५१ पासून पुढे सुरू होतात. म्हणजे ‘८५ काढा’ असे असेल तर ती दुधाची, आणि ‘४६ काढा’ असे असेल तर “भरून वाचणार नाही का, डॉक्टरसाहेब?” असे विचारायचा तुम्हाला पुरता अधिकार आहे. वरचा दात काढला की डोळा अधू होतो अशी भीती पुष्कळांना वाटते. तसे काही होत नाही.

दुधाच्या दाढाही फुकटच्या नाहीत. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत उपदाढांची जागा राखतात. त्या लवकर गेल्या तर सहाव्या वर्षाची दाढ पुढे सरकते, उपदाढेला वाट उरत नाही आणि दात वेडेवाकडे येतात. मात्र आठ-नऊ वर्षांच्या लेकराच्या वरच्या दोन दातांत फट दिसली तर घाबरू नये. वरचे सुळे अकरा-बाराला उतरतात, तेव्हा ती बहुधा आपोआप मिटते.

पडलेला दात कुणी माळवदावर भिरकावतात, कुणी तुळशीत पुरतात. टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसतेच, ते आतल्या आत विरघळलेले असते. पण बैलगाडीवरून किंवा झाडावरून पडून लांब मुळासकट दात निघाला आणि लेकरू सात-आठच्या पुढचे असेल, तर तो पक्का दात असण्याचा संभव मोठा. तो टाकू नका. मुळाला हात न लावता माथ्याकडून धरा, माती असेल तर स्वच्छ पाण्यात किंवा दुधात नुसता खळबळून घ्या, खरवडू नका. जमले तर त्याच खळग्यात बसवून लेकराला स्वच्छ फडका चावून धरायला सांगा. नाहीतर वाटीभर थंड दुधात बुडवून तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पोहोचा. दात पुन्हा धरू शकतो. तीन-चार वर्षांच्या बाळाचा दुधाचा दात असा निखळला तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या अंकुराला इजा होते.